रंगूनचा कळस, आमच्या विहिरीत

मैत्रिणींनो, ट्रेनिंग कॉलेजपासूनची आपली फिरती वही आज टपालाने बेलापूरला माझ्याकडे आली, आणि लिहायला ताजं घडलंही.

आमच्या गावचा दौलत लढाई संपल्यावर परवा ब्रह्मदेशातून परतला. सकाळी विहिरीवर तो रंगूनच्या पॅगोड्याचं, म्हणजे तिथल्या सोन्याने मढवलेल्या बुद्धाच्या देवळाचं सांगत होता. बायकांनी पाणी शेंदायचं थांबवलं होतं.

मी विचारलं, "किती फूट उंच रे?" अकरा वर्षं आशियाचा नकाशा शिकवतेय, पण नगरच्या पुढे गेलेली नाही.

"फूट न्हाई ठावं, बाई. पर आसल्या सात इहिरी येकीवर येक ठिवा."

म्हातारे भागाजी हसले. "आरं, लई फेकतो! देऊळ हाय का डोंगर?"

दौलतचं तोंड उतरलं. मग तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, ही इहीर म्याच खांदली. आठ परस, म्हंजे आठ मानसं येकावर येक. तळाला उभं ऱ्हाऊन वर बघताना मान कशी दुखती, ते इसरंन व्हय? तिथं बूट काढून उभा ऱ्हायलो, वर बघितलं, आन् नजरेनं सात बारी हीच इहीर चढलो."

भागाजी उठले, काठावरून आत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. मग आम्हीही वाकलो.

उद्या नकाशा टांगायच्या आधी पोरांना विहिरीवर नेणार आहे. इतकं उंच काही मी आजवर पाहिलं नव्हतं, आणि ते पाहायला मला खाली वाकावं लागलं. तुम्हाला कधी असं वाकावं लागलंय?