धाकटीचे तळवे

आमची धाकटी पायाच्या बोटांनी रुमाल उचलायची. जमिनीवर पसरायची, बोटांनी गोळा करायची आणि अलगद माझ्या मांडीवर टाकायची. "घ्या बाई, नाक पुसा." साठी उलटलेली बाई, पण हसायची अशी की समोरच्यानं चिडलंच पाहिजे. मी चिडायचे. अजून चिडते.

धाकटी म्हणजे माझी जाऊ. बुऱ्हाणपुरात आमची घरं समोरासमोर. शुगर दोघींनाही, पण तिच्या पायांच्या नसा खराब झाल्या. आधी मुंग्या, मग जळजळ, मग काहीच नाही. चप्पल वाटेत निसटून जायची आणि हिला पत्ता नसायचा. भिंत धरल्याशिवाय मोरीपर्यंत जाता येईना, तेव्हा मीच तिला रिक्षात बसवून दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या पोरीकडे नेलं.

पोरीनं टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायला शिकवलं, घोटे फिरवायला, पायाच्या बोटांनी रुमाल उचलायला शिकवलं, ओटा धरून एका पायावर तोल सांभाळायला शिकवलं. आणि बजावलं, "काकू, चालणं सुधरेल. पण तळव्यांना कळायला लागेल असं समजू नका. अनवाणी बिलकुल चालायचं नाही, घरातसुद्धा नाही. आणि रोज तळवे बघायचे."

पहिलं सगळं धाकटीनं मनापासून केलं. भाजी ढवळताना एक पाय वर. भाऊजी म्हणजे तिचा नवरा. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमच्याकडे बगळा पाळलाय."

"बगळा मासे खातो," ती म्हणायची. "मी तुमची बोलणी खाते."

पुढे ती एकटी शनवाऱ्याच्या बाजारापर्यंत जाऊन भाजी आणायला लागली. भिंत सुटली. पिशवी माझ्या दारात आपटून म्हणायची, "बाई, आता माझ्याशी शर्यत लावा." मी दार लावून घ्यायचे.

त्या उन्हाळ्यात तिच्या नातीचं लग्न ठरलं. गच्चीवर कुरडया घातल्या. आमच्यात वाळवणाला चपलेचा पाय लागू देत नाहीत. धाकटी मऊ चपला घालून जिना चढायला लागली तशी भाऊजी गरजले, "चपला? आईनं कधी चालू दिल्या का?" सासूबाई कधीच वारल्या होत्या. हिनं गुपचूप चपला खाली काढल्या.

भर दुपारी कुरडया उलटायला बाया वर गेल्या आणि पाय पोळले तशा उड्या मारत जिन्यात पळाल्या. धाकटी तेवढी मागे राहिली. एकेक कुरडई निवांत उलटत होती. भाऊजी जिन्यातून म्हणाले, "बघा, याला म्हणतात पाय!" बाया हसल्या.

संध्याकाळी ती ऐटीत माझ्याकडे आली. "बाई, व्यायामानं पाय पक्के झाले बघा. चटकासुद्धा लागला नाही!"

मी तिचा पाय धरून उलटा केला. तळव्याचं कातडं सुटून लोंबत होतं. तिचं हसणं तेव्हाही चालूच होतं.

"आत्ता दवाखान्यात चल," मी ओरडले. भाऊजी म्हणाले, "लग्नघर आहे वहिनी. चार दिवस थांबा." हळद भरली, वर मोजे चढवले. नात सासरी गेली तोवर पायाला वास सुटला होता. पाय कापला, तरी विष अंगात भिनलंच. गेली. लोक म्हणाले, देवाची मर्जी. देवानं चपला काढायला सांगितल्या नव्हत्या.

तेराव्याला कुरडया तळल्या. त्याच. भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "सगळ्यांना वाढा. तिच्या हातच्या शेवटच्या आहेत."

मी पानावरून उठले. दारातल्या चपला पायात घातल्या आणि पंगतीमधून सरळ स्वयंपाकघरात गेले.

"वहिनी, चपला!"

"हो. चपलाच आहेत."

तिचा ओटा धरला आणि एका पायावर उभी राहिले. कुणी बगळा म्हणतं का याची वाट बघत.

आता माझेही तळवे बधिर व्हायला लागलेत. रोज सकाळी समोरच्या घरात जाते, चपला घालून, आणि त्याच ओट्याशी टाचा उचलते. भाऊजी बघतात. बघू देत.