वन्संचं कार्ड

काल सुमनवन्सं हातातल्या एका छोट्या कार्डाकडे बघत राहिल्या आणि त्यांचा चहा गार झाला.

माझ्या नवऱ्याला बेसबॉल खेळाडूंचे फोटो छापलेली कार्डं जमवायचा नाद आहे. तीही हौशी लोकांनी कुणाची परवानगी न घेता घरी बनवलेली. "अहो, कंपनीची खरी का नाही घेत?" असं मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाले, "कंपनी नावाजलेल्यांचीच काढते. ही माणसं आपल्याला जो आवडला त्याचं कार्ड करतात." मला ते पटलं. जीव लावायला कुठे परवाना लागतो?

वन्सं म्हणजे यांची थोरली बहीण. कॉलेजात असताना जळगावला सॉफ्टबॉल, म्हणजे बेसबॉलसारखाच खेळ, खेळायच्या. लग्नानंतर ते सुटलं, आणि असं सुटलं की आमच्या मुलांना त्याचा पत्ताही नाही. यांनी जुन्या फोटोवरून त्यांचं कार्ड करून घेतलं होतं. तोंडावरची जाळी वर सारून, हातात जाडजूड ग्लोव्ह घालून, चेंडूची वाट बघत उकिडव्या बसलेल्या वन्सं.

"मला न विचारताच छापलंस होय रे?" कार्डावरची नजर न काढताच त्यांनी विचारलं.

"चुकलं, ताई. परत घेऊ का?"

"हात तर लावून बघ!"

कार्डावर नसलेली धूळ त्यांनी पदराने पुसली. मग म्हणाल्या, "पण मी एकटीच काय करू रे यात? आमच्या पिचरचंही कर. तिनं टाकल्याशिवाय माझ्या हातात चेंडू येणार कुठून?"