करप्याचा रंग

नारायणगावच्या कॉम्प्युटरच्या दुकानात आमचे प्रोग्रामर माझ्या शेजारी बसत. टोमॅटोचे रोग ओळखायचा प्रोग्राम ते लिहीत आणि त्यातली पानांची चित्रं मी काढायचो. त्या पडद्यावर एका वेळी दोनशे छप्पनच रंग मावत. मी मात्र प्रत्येक पानाला मनासारखे वेगळे रंग घेऊन बसलो होतो. दोन पानं शेजारी उघडली की दुसऱ्याचे रंग पहिल्यालाही लागत आणि त्याच्यावरचा करप्याचा तपकिरी डाग जांभळा व्हायचा. तो बघून शेतकऱ्यानं भलतंच औषध मारलं असतं.

ते चिडले नाहीत. “रंग म्हंजी पाटाचं पाणी, राव. एकट्यानं न्हाई घ्यायचं,” म्हणाले, आणि सगळ्या चित्रांना मिळून एकच रंगपेटी लावायला बसले. पिंपरी पेंढारहून येताना रोगट पानं ओल्या फडक्यात आणायची, पडद्याच्या काचेला लावायची, डोळे बारीक करून बघायचं, हा मग त्यांचा रोजचा उद्योग झाला.

शेवटी करप्याच्या तपकिरीला जागा उरेना. सुरुवातीच्या पडद्यावर त्यांचा स्वतःचा फोटो होता, नवा शर्ट घालून नुकताच स्टुडिओत काढलेला. त्याचेच रंग त्यांनी काढून टाकले.

“माज्या तोंडावर कुनी औषध मारणार न्हाई,” म्हणाले.

फोटो काळा-पांढरा का, असं दुकानाच्या मालकांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली.

“जुना हाय,” ते म्हणाले.