शांताक्का, आता तुमचा नंबर

डॉ. शांता हेर्लेकर यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे भांडणच. रक्तदाब वाढला म्हणून दुर्गदबैल बाजारातलं पाइपांचं दुकान मुलावर सोपवून मी सप्तापुरातल्या त्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. मानेला गार जेली लावून त्यांनी सोनोग्राफीचा प्रोब टेकवला आणि मी सवयीनं गप्पा सुरू केल्या.

"सुम्निर्री अण्णा! गप्प पडून राहा. बोललात की नाडी धावते, माप चुकतं."

बोलून पोट भरणाऱ्या माणसाला गप्प करणाऱ्या त्या पहिल्याच. पडद्यावर माझी धमनी दर ठोक्याला फुगत होती, पण जेमतेम. मी म्हणालो, "हा तर उन्हात वाळलेला रबरी पाइप!"

शांताक्का खूश झाल्या. "अगदी तस्सं! मऊ पाइप पाण्याचा धक्का पोटात घेतो. ताठरलेला घेत नाही, मग धक्का थेट मेंदूला नि मूत्रपिंडाला. वय पत्रिकेत बघू नका, इथं बघा."

सुई नाही, चिरफाड नाही, आणि माझं खरं वय मला कळलं. सातवीत शाळा सुटलेल्या मला त्यांनी पुढं कितीतरी पुस्तकं वाचायला दिली. वर परीक्षाही घेतली, तीही भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर.

एकदा त्यांनी बाजारातल्या लोकांची तपासणी माझ्या दुकानाच्या माडीवर ठेवली. तपासणीआधी चहा नाही, तंबाखू नाही, असं बजावलं होतं. पण आमच्याकडं पायरी चढलेल्याला चहा न देणं म्हणजे हाकलून देणं. मी सगळ्यांना दिला. शांताक्कांनी कपांकडं पाहिलं आणि यंत्र गुंडाळलं. "अण्णा, माझी अख्खी सकाळ प्यायलात तुम्ही!" पुढच्या रविवारी मात्र न बोलावता परत आल्या. त्या दिवशी ज्याचा धोका वेळेत कळला, तो आमचा हमाल सिद्दप्पा आज नातवाला खांद्यावर बसवून जत्रेला जातो.

अशा बाईंपुढं आम्ही मात्र हात टेकले होते. पंचाहत्तरी आली, जिना चढताना मध्येच थांबतात, पण स्वतःच्या मानेला प्रोब लावू देतील तर शपथ! त्यांच्या शिष्या डॉ. मंजुळा मागं लागल्या की उत्तर ठरलेलं: "आत्ताच चहा झाला गं. माप चुकेल." आम्हाला घातलेला नियम स्वतःला ढाल! मंजुळाताई रडकुंडीला आल्या, मी संतापलो. शांताक्कांनी पुन्हा कप पुढं ओढला.

शेवटी गेल्या रविवारी आम्ही दोघं उजाडताच त्यांच्या दारात उभे राहिलो.

"काय अण्णा, इतक्या सकाळी?"

"चहा झाला?"

"अजून नाही..." आणि सापडल्या. हसल्या. मग खुर्चीत बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "मंजू, मला भीती वाटते गं. तुम्हाला निदान खोटा धीर तरी देता येतो. मला कोण देणार? पडदा दिसला की मला सगळं कळणार."

माझा राग जागीच विरला. मंजुळाताईंनी त्यांना दवाखान्यात नेऊन टेबलावर निजवलं, पडदा भिंतीकडं वळवला आणि प्रोब टेकवला. मग टेबलावरून आवाज: "तिरका धरलायस. जरा वर घे. वर गं! छे, फिरव तो पडदा इकडं."

स्वतःची धमनी त्यांनी स्वतःच वाचली. ताठरली आहे. गोळी सुरू करायची, मीठ कमी, चालणं रोज. निदान सांगताना आवाज एकदाच अडखळला. मग लगेच शिष्येचे दोष काढायला लागल्या.

तर शांताक्का, तुमच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात सगळे तुम्हाला उदंड आयुष्य मागतील. मीही मागतो, मनापासून. पण आमच्या मागण्यावर विसंबून गोळी चुकवू नका. मंजुळाताईंनी बोलावलं की निमूट जाऊन आडव्या व्हा. भीती वाटली तर मला हाक मारा, मी शेजारी बसेन. एक शब्द बोलणार नाही.