साडूंचं स्प्रूसचं जंगल

अमरावती आणि अकोला या दोन जिल्ह्यांत मिळून जेवढी भीती असेल, तिच्यातली निम्मी एकट्या माझ्या साडूंकडे आहे, आणि उरलेली निम्मी त्यांनीच लोकांना वाटलेली आहे. एस.टी.त चढले की ते आधी संकटकाळी बाहेर पडायचं दार शोधतात आणि ते खरंच उघडतं का ते हिसका देऊन पाहतात. तिवशाजवळ एकदा ते उघडलं, आणि कंडक्टरनं अमरावती येईपर्यंत त्यांचा उद्धार केला. मूर्तिजापूरच्या एका लग्नात त्यांनी मांडवाचे बांबू हलवून पाहिले आणि खुर्ची उचलून भर वैशाखाच्या उन्हात जाऊन बसले. मुलीच्या मामानं विनवलं, तर म्हणाले, "मांडव पडला तं उन्हातला मानूस वाचते, भाऊ." मांडव काही पडला नाही, साडूंना मात्र ऊन लागलं, आणि पंगत सोडून आम्ही त्यांच्या तळपायांना कांदा चोळत बसलो.

अशा माणसाला पोटापाण्याचं कामही भीतीचंच मिळालं. अमरावतीच्या घरात, वरच्या खोलीत, कूलरसमोर बसून ते परदेशातल्या डोंगरांवरच्या स्प्रूसच्या जंगलांची तब्येत पाहतात. स्प्रूस म्हणजे नाताळात सजवतात त्यासारखं, सुईएवढ्या पानांचं झाड. साडूंनी ते जन्मात डोळ्यांनी पाहिलेलं नाही. उपग्रह दर पाच दिवसांनी वरून फोटो काढतो, आणि कुठल्या उतारावरची झाडं धडधाकट, कुठली आजारी, हे साडू रंगांवरून ठरवून तिकडच्या कंपनीला कळवतात. त्या फोटोंत निरोगी जंगल लालभडक दिसतं आणि मरायला टेकलेलं राखाडी. माझी मेव्हणी चहा घेऊन वर गेली की नवऱ्याच्या तोंडाचा रंग पाहूनच ओळखते, आज कुठला तरी डोंगर आजारी आहे. "सोताच्या शुगरची भीती नाही ह्यायले, अन् तिकडच्या झाडायपायी जेवन जाऊन नाही राहिलं," हे तिचं नेहमीचं गाऱ्हाणं. मीही त्यांची पुष्कळ थट्टा केली, अगदी गेल्या वर्षीपर्यंत.

या कामाआधी साडूंनी परतवाड्याला राहून बरीच वर्षं मेळघाटच्या जंगलाचे नकाशे केले होते. त्यामुळे त्यांचा डोळा तयार झालेला तो सागावर. सागाचं जंगल चैत्रात उघडंबोडकं होतं, वरून पाहावं तर मेल्यासारखं, आणि पाऊस पडला की परत हिरवंगार. गेल्या वर्षी एप्रिलात स्प्रूसच्या एका उतारावर त्यांना राखाडी डाग दिसला. कढीपत्त्याच्या वाळक्या पानाला घाबरणारा हा माणूस नेमका त्या दिवशी घाबरला नाही. 'पानगळ' असा शेरा मारून त्यांनी उतार निरोगी ठरवला. स्प्रूस बारा महिने हिरवा असतो हे त्यांना तोंडपाठ होतं, पण हात सागाच्या सवयीनं लिहून गेला. ज्येष्ठ आला, आणि डाग भरून यायचा सोडून पसरला. सालीखाली किडा शिरला होता. त्या उताराच्या पायथ्याशी फोटोत तीन ठिपके होते. ती तीन घरं होती.

"भाऊ, माह्या हातून मानसं मरतीन," साडू फोनवर म्हणाले. मी म्हटलं, झाडं मेली तर माणसं कशी मरतील? तेव्हा त्यांनी सांगितलं, उतारावरचा बर्फ ही झाडंच अडवून धरतात. झाडं गेली की तो सरळ घरांवर येतो. त्यांनी कंपनीला पत्र लिहून चूक कबूल केली. नोकरी राहिली, जंगल राहिलं नाही. किडा पसरू नये म्हणून मेलेली झाडं तोडली, बर्फ अडायला ओंडके आडवे टाकले, नवी रोपं लावली, असं तिकडून कळलं. रोपं काही वरून दिसत नव्हती. साडूंना दिसायचा तो फक्त टक्कल पडलेला उतार.

मग तिकडे बर्फ पडला आणि सगळा फोटो पांढरा झाला. ठिपकेही गेले. घरं बर्फाखाली झाकली आहेत की बर्फानं नेली आहेत, हे वरून कळायला काही मार्ग नव्हता. मी म्हटलं, कंपनीला विचारा की. "काहून इचारू?" ते म्हणाले, "घरं नाहीत म्हनले तं?" त्या हिवाळ्यात मेव्हणीनं गाऱ्हाणं करणं बंद केलं. आणि मी अकोल्याहून दर पाचव्या दिवशी त्यांना फोन करू लागलो. आधी चौकशी म्हणून करत होतो. मग मलाही खरोखर भीती वाटू लागली, इतकी की फोन लावण्याआधी मी पाणी पिऊन घेत असे.

यंदा मे महिन्यात एका सकाळी त्यांचाच फोन आला. "दोन दिसले. तिसऱ्यावर ढग हाय." पुढचे पाच दिवस आम्ही दोघांनी कसे काढले ते आमच्या बायकांना विचारा. पाचव्या दिवशी फोन वाजला, आणि पाणी न पिताच मी तो उचलला. साडू म्हणाले, "तिन्ही हायेत, भाऊ," आणि साठीला टेकलेला तो माणूस हमसून रडला.

त्या घरांत कोण राहतं, किती माणसं, त्यांची नावं काय, आम्हाला कधी कळणार नाही. अमरावतीत कुणी तरी आपल्यासाठी पूर्ण हिवाळा जीव मुठीत धरून बसला होता, हे त्यांनाही कळणार नाही. पुढच्या हिवाळ्यात तो पुन्हा बसेल. फोन ठेवला तेव्हा मला त्या तीन घरांचा थोडा हेवा वाटला.