सात नंबरच्या जाळीतला मासा

नाले खात्यातून निवृत्त झाल्यावर मुकादमाने मासे धरायची नवी काठी विकत आणली, तेव्हा त्याच्या बायकोने एवढंच विचारलं, "एकतीस वर्षं नाल्याच्या काठावर उभं राहून हौस फिटली नाही का तुमची?"

प्रश्न रास्त होता. शहरातला एकूण एक नाला मुकादमाला तोंडपाठ होता. कुठलं झाकण कुठे उघडतं, कुठे गाळ साचतो, कोणत्या कारखान्याचं पाणी कुठल्या भिंतीतून आत सोडलेलं आहे, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगेल. आता अशा माणसाने सकाळी पेपर वाचावा, दुपारी आडवं व्हावं. पण नाही. काठी आणली. तीही साधीसुधी नव्हे, एकात एक बसणाऱ्या सात नळ्यांची, बाजूला चकचकीत रीळ असलेली. त्याने ती बैठकीच्या खोलीत पूर्ण उघडून पाहिली आणि तिच्या टोकाने पंख्याचं एक पातं वाकवलं. बायको नुसती पंख्याकडे बघत राहिली, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं.

खरं सांगायचं तर काठी माशांसाठी आणलीच नव्हती. ती दादासाठी होती, म्हणजे दादाला दाखवण्यासाठी.

दादा म्हणजे मुकादमाचा थोरला भाऊ, आठ वर्षांनी मोठा. सुतार होता. बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर राहायचा. लहानपणी दोघे नदीवर जायचे तेव्हा दादाने गळ टाकला की मासा ठरलेल्या वेळी यावा तसा यायचा. मुकादमाच्या गळाला झाडाची मुळं लागायची. एकदा असंच एक मूळ ओढता ओढता तो स्वतःच पाण्यात पडला होता. "धसमुसळ्या, तुझ्या पायांचा आवाज ऐकूनच मासे गाव सोडतात," असं दादा तेव्हा म्हणाला आणि ते वाक्य पुढे पन्नास वर्षं टिकलं. मुकादमाच्या लग्नात त्याच्या बायकोची दादाने ओळख करून घेतली तीसुद्धा हीच गोष्ट सांगून. सगळे पोट धरून हसले. मुकादमही हसला. पण ते त्याला लागलं होतं आणि लागलेलंच राहिलं.

आता दादाचे गुडघे गेले होते. रंधा, करवत सगळं मुलाच्या ताब्यात गेलं होतं. हात थरथरायचे. एकच गोष्ट शाबूत होती. गल्लीतले लोक अजून त्याला विचारायला यायचे, कुठल्या पाण्यात कसला गळ, गांडूळ लावू की कणीक. महिन्या-दोन महिन्यांनी मुलगा त्याला जवळच्या तळ्यावर नेऊन बसवायचा आणि दादा काही ना काही घेऊनच परतायचा. "लाकूड सुटलं, पण पाणी सुटलं नाही," असं तो प्रत्येकाला सांगायचा. म्हाताऱ्याचं सगळं घर त्या एका खांबावर उभं होतं म्हणा ना. हे मुकादमाला ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्याने पुढे जे केलं ते केलं.

नवी काठी घेऊन तो आधी नदीवर गेला. पुलाखाली गाड्या धुणाऱ्यांची गर्दी होती. पहिल्याच फेकीत गळ एका ड्रायव्हरच्या वाळत घातलेल्या शर्टाला अडकला. माफी मागून तो पुढे सरकला. पुढच्या आठवड्यात शाळेमागच्या ओढ्यावर गेला, तिथे एक चप्पल लागली. मग धरणाच्या कालव्यावर गेला. तिथे पहारेकरी लागला. रीळ उलटं फिरून तंगुसाच्या दोऱ्याचा असा गुंता झाला की त्याची बायको दोन दुपारी तो सोडवत बसली होती, आणि सोडवताना तिने जे जे ऐकवलं ते इथे सांगण्यात अर्थ नाही.

दर रविवारी दादाचा फोन यायचा.

"लागलं का काही?"

"अजून काठीचा अंदाज घेतोय, दादा."

"महिना झाला! काठी घेतलीस का घोडा?"

पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी मुकादम मासळीच्या दुकानात गेला. तिथे काचेच्या टाकीत जिवंत मासे ठेवलेले असतात. त्यातला हातभर लांबीचा त्याने निवडला.

"साफ करून देऊ?" दुकानदाराने विचारलं.

"नको. खवल्यालाही हात लावू नका. पाण्याच्या पिशवीत द्या."

पिशवी घेऊन तो मोठ्या नाल्यावर गेला, कारण घरापासून तोच जवळ होता आणि तिथे ओळखीचा माणूस होता. नाल्याला ठिकठिकाणी कचरा अडवायला लोखंडी जाळ्या आहेत. सातव्या जाळीशी पंपाची खोली आहे आणि त्या खोलीतला पंपवाला मुकादमाच्या हाताखालीच शिकलेला. मुकादमाने मासा गळात अडकवला, काठी वाकवली आणि मोबाइल पंपवाल्याच्या हातात दिला.

"मुकादम, या पाण्यात मासा?" पंपवाल्याचे डोळे विस्फारले. "इथे बेडूकसुद्धा जगत नाही."

"तू फोटो काढ."

फोटो छान आला. मासा अजून तडफडत होता, त्यामुळे खराच धरलेला वाटत होता. मुकादमाने तो दादाला पाठवला आणि पाच मिनिटांत फोन वाजला.

"हा तू धरलास?"

"मग काय!"

"शाबास रे पठ्ठ्या! शाबास!" दादाचा आवाज फुटला होता. जन्मात पहिल्यांदा. मुकादमाची छाती अशी भरून आली की मासा विकतचा आहे हे तो क्षणभर स्वतःच विसरला. "कुठे? कुठे लागला?"

इथे नदी म्हणायला हवं होतं. कुठलीही नदी, कुठलाही घाट. पण एकतीस वर्षं फोनवर कोणी 'कुठे' विचारलं की ठिकाण नेमकं सांगायचं, ही त्याची सवय. जागा मोघम सांगणाऱ्यांना त्याने स्वतः किती झापलं होतं. तोंडातून आपसूक निघालं, "मोठा नाला, सात नंबरची जाळी."

पुढच्या गुरुवारी संध्याकाळी दादा दारात हजर. हातात स्वतःची बांबूची काठी, काखेत गळांचा डबा, सोबत पोचवायला आलेला मुलगा. मुलगा चहा पिऊन कामासाठी परत गेला.

"दादा, सकाळी नदीवर जाऊ या. हवा चांगली असते."

"नदी मी आयुष्यभर बघितली. मला सात नंबर दाखव."

शुक्रवारी सकाळी आठ वाजता मुकादमाने घडीची खुर्ची जाळीजवळ मांडली आणि दादाला धरून तिच्यावर बसवलं. पंपवाल्याला त्याने डोळ्यांनीच गप्प केलं होतं. वरच्या बाजूला कपडे धुण्याच्या कारखान्याचं पाणी नाल्यात येतं, त्यामुळे पाण्यावर पांढरा फेस होता. दादाने गांडूळ लावलं. हात थरथरत होते, पण गाठ पहिल्या खेपेला बसली. गळ पाण्यात गेला. दादा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला.

"काय रे, मला हे पाणी मेलेलं दिसतंय."

ही पहिली संधी होती. मुकादमाने घसा खाकरला.

"पण तू धरलास ना इथेच," दादाने स्वतःशीच मान हलवली. "म्हणजे माझे डोळे गेले."

मुकादम काहीच बोलला नाही. का बोलला नाही, असं त्याला आज विचारलं तर तो सांगेल की शब्द तोंडात आले होते. येऊन काय उपयोग? शाबासकी मिळून आठवडाही झाला नव्हता आणि ती परत देणं त्याच्या जिवावर आलं होतं. एवढंच कारण. यापेक्षा चांगलं कारण त्याने स्वतःसाठी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

दहा वाजले. बारा वाजले. मुकादमाच्या बायकोने दिलेला डबा दोघांनी तिथेच खाल्ला. दादाने गांडूळ बदलून कणीक लावली, कणीक काढून पुन्हा गांडूळ लावलं, गळ बदलला, खुर्ची दोनदा हलवून घेतली. वास असह्य होता, पण तो एकदाही तक्रारीचं बोलला नाही. दोनच्या सुमारास त्याने मुकादमाची नवी काठी मागून घेतली. रिळाची मूठ त्याच्या बोटांना पेलेना. त्याने ती मुकाट्याने परत दिली. पंपवाला मध्येच बाहेर आला, दोघांकडे पाहून पुन्हा आत गेला आणि दार लावून घेतलं.

चार वाजता दादाने बांबू बाजूला ठेवला.

"हात गेला रे माझा," तो म्हणाला. रडला वगैरे नाही. सुताराने फळी मापून 'एक बोट कमी आहे' म्हणावं, तसं म्हणाला. "पाणी तेच, जागा तीच. तुला लागतो आणि माझा गळ दिवसभरात एकदाही हलत नाही. म्हणजे हात गेला. कधी गेला ते कळलं नाही, एवढंच."

मग त्याने गळांचा डबा उचलून मुकादमाच्या मांडीवर ठेवला. "हा आता तुझ्याकडे ठेव."

"दादा, अरे, एका दिवसावरून..."

"तळ्यावरचे मासे काय, लहान पोरालाही लागतात. मला उगाच फुशारकी होती." तो खुर्चीचे हात धरून उठू लागला. "चल, गुडघे दुखायला लागले."

शनिवारच्या बसने दादा गेला. तीन रविवार त्याचा फोन आला नाही. मुकादमाने केला तर वहिनीने उचलला. "भाऊजी, काय झालं हो तिकडे? परवा गल्लीतला एक जण गळाचं विचारायला आला होता, तर म्हणाले, मला विचारू नका, माझ्या भावाला विचारा. मुलगा तळ्यावर नेतो म्हणाला, तर नको म्हणाले. नुसते भिंतीला टेकून बसतात. तेवढा तुमचा फोटो मात्र येईल त्याला दाखवतात."

त्याच दिवशी मुकादमाने बायकोला सगळं सांगितलं. ती ओरडेल असं त्याला वाटलं होतं. ती म्हणाली, "आधी त्यांना सांगा. आत्ताच्या आत्ता. लाज मग वाटून घ्या."

त्याने फोन लावला. दादाने उचलल्यावर मध्ये श्वासही न घेता सगळं बोलून टाकलं. दुकान, काचेची टाकी, पाण्याची पिशवी, पंपवाला, फेस. "त्या नाल्यात मासा नाहीच, दादा. कधीच नव्हता. तुझ्या हाताला काही झालेलं नाही. मी खोटारडा आहे."

पलीकडे दादा हसला. किती दिवसांनी हसला कोण जाणे.

"तुझ्या वहिनीने सांगितलं वाटतं तुला, मी बसून असतो म्हणून?"

"हो, पण दादा, हे खरं..."

"अरे, किती जुळवून आणलंस! पाण्याची पिशवी म्हणे!"

"पंपवाल्याला विचार. देऊ त्याचा नंबर?"

"त्यालाही पढवून ठेवलं असशील. धसमुसळ्या, तुला लहानपणापासून धड खोटं बोलता आलेलं नाही, ते आता या वयात येणार आहे का?" दादाचा आवाज फार मायेचा झाला होता, आणि तेच मुकादमाला सोसवेना. "मला बरं वाटावं म्हणून तू एवढं केलंस, पावलं मला. पण मासा तुझा आहे. धाकट्याने थोरल्यासाठी आपला मासा असा टाकून द्यायचा नसतो."

मुकादमाने पुन्हा एकदा सगळं पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. दादाने ते शेवटपर्यंत कौतुकाने ऐकून घेतलं.