आयाळीखालचा भोवरा

तापीकाठच्या जत्रेत मी त्याला एकदाच पाहिले. नाव विचारण्याचा धीर मला झाला नाही. बऱ्हाणपूरच्या इंग्रजी शाळेत तेव्हा मी नुकताच शिक्षक म्हणून रुजू झालो होतो. तो निंबोल्याचा, विशीच्या आतला तरुण. शिंगरू असल्यापासून स्वतः वाढवलेली तांबडी घोडी तो मैदानात फिरवत होता. बैलजोडी घ्यायची म्हणून त्याच्या वडिलांनी ती विकायला काढली आहे, असे माझ्या शेजारचे गृहस्थ म्हणाले.

काठोकाठ भरलेली पाण्याची लोटी तळहातावर घेऊन त्याने घोडी रवाळ चालीने, पाठ जराही न हिंदकळू देता, पळवली. पाणी सांडले नाही. लोक वाहवा करू लागले, तेव्हा तो लाजून घोडीच्या कानाशी काहीतरी पुटपुटला.

एका व्यापाऱ्याने भाव विचारताच त्याने आयाळ उचलून खालचा केसांचा भोवरा दाखवला.

"हा पाहून घ्या, शेठ. मांगून म्हनू नका, सांगतलं नव्हतं."

तिथला भोवरा मालकाला बुडवतो, अशी त्या भागातली समजूत. व्यापारी मागे सरला. पुढे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याने तसाच, कोणी न विचारता, भोवरा दाखवला.

"इकायची नाही, तं आनली कायले रे?" व्यापारी वैतागून म्हणाला.

"बानं इकायले धाडली," तो शांतपणे म्हणाला. "मी दाखवायले आनली."

गिऱ्हाइके पांगली. घरी गेल्यावर बापापुढे तो कसा उभा राहणार होता, कोण जाणे. घोडी घेण्याची ऐपत नसलेले आम्ही चौघेपाच जण तेवढे तिथे उरलो होतो. आमच्यासाठी त्याने आणखी एक फेरी मारली.